माझ्या उजव्या हाताला सुमाताई

सुमाताई गेली त्या दिवशी मी तिचीच गोष्ट सांगत होतो. गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजत आले होते. कचेरीच्या कँटीनमध्ये दोन टेबलं जोडून बसलेल्या मंडळींना मी माझी आंधळी चुलतबहीण मैदानावर पळता पळता मला कशी दटावते ते नकलेसकट ऐकवत होतो. खिशातला फोन थरथरला, तो मी दाबला. पुन्हा थरथरला, पुन्हा दाबला. गोष्टीचा शेवट तोंडाशी आलेला असताना फोन घ्यायची मला सवय नाही. शेवट झाला, लोक हसले, कोणीतरी माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला, आणि मग मी फोन पाहिला. महाल भागातल्या सुमाताईच्या घरून वहिनींचे तीन फोन येऊन गेले होते. उलट फोन लावला तर वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, सुमाताई आज उठल्याच नाहीत..." डॉक्टरांच्या मते ती पहाटेच गेली होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, तिला काही कळलंसुद्धा नसेल म्हणाले. म्हणजे मी तिच्या आवाजात "सरळ सांग ना गा चंदू" म्हणून लोकांना हसवत होतो, तेव्हा तो आवाज संपून पाच तास झाले होते.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, "चंदूले बोलवा" म्हणतात. माझ्या गोष्टीत मांजर शिरलं की ते वाघ होऊन बाहेर पडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणाची हरकत नसते. सुमाताईच्या तेरवीला जेवणं झाल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. लोकांना वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच, नाही कसं... पण घशात अडकलं होतं ते वेगळंच. मी सुमाताईला एक खोटं सांगितलं होतं, ते मागे घ्यायचं राहून गेलं होतं, आणि ज्याच्याबद्दल ते खोटं होतं तो माणूस, तिचा मोठा भाऊ मधुदादा, समोरच सतरंजीवर बसून माझ्याकडे बघत होता.

सुमाताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. सातव्या वर्षी गोवराच्या तापात तिचे डोळे गेले. आई-वडील लवकर गेले, मग दादांनीच तिला सांभाळलं. दादांची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत, आणि घर महालातल्या एका बोळीत, दोन मजली. त्या घराचा एक कायदा होता. घरातली कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा दादांनी त्यांना पहिल्याच दिवशी घरभर फिरवून दाखवलं म्हणे... हा पलंग इथं, हा माठ इथं, ही तिवई इथं, अन् हे असंच राहीन. लहानपणी एकदा मी पत्ते खेळायला खुर्ची वीतभर सरकवली, तर दादांनी माझा कान असा पिळला की तो कान आजही दुसऱ्यापेक्षा मोठा आहे असं मी सांगत असतो. या कायद्यामुळे सुमाताई त्या घरात बिनधास्त फिरायची. भिंतीला हात नाही, काठी नाही, चहाचा कप घेऊन जिना चढायची. दादा कळमन्याहून तुरीची, हरभऱ्याची मूठभर वानगी आणायचे, ती दोन दाणे दाताखाली धरून "ओली आहे, चार दिवस वाळवा लागते" असं सांगायची, आणि दादा त्यावर सौदा ठरवायचे. तिला घरात कोणी कधी उणं बोललं नाही. फक्त उंबऱ्याबाहेर ती दादांच्या कोपराला धरून जायची, आणि दादांना वेळ असेल तेव्हा जायची. वेळ म्हणजे दवाखाना, लग्न, नाही तर मयत. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी दिवाळीला जायचो, गोष्टी सांगायचो, तिला हसवायचो आणि आपण फार पुण्य केलं असं समजून घरी यायचो.

ती चौपन्न वर्षांची असताना भाच्याने तिला बोलणारा मोबाइल आणून दिला. पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवायचा. त्याच्यावरून तिला कुठून तरी कळलं की बेसा रोडच्या बाजूला एक क्लब आहे, तिथे दर रविवारी सकाळी अपंग आणि धडधाकट माणसं एकत्र खेळतात. तिने मला फोन केला.

"चंदू, तुले पळता येते का गा?"

"ताई, मले खुर्चीतून उठता येत नाही."

"बोलता तर येते ना? तेवढं पुरते. माह्यासंग पळणारा सारखा बोलत राह्यला पाहिजे म्हणतात. न थकता बोलणारा मले तूच एक माहीत आहे."

चाळीस वर्षं लोकांचे कान खाल्ल्याचं असं फळ मिळेल हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी वजन तरी कमी ठेवलं असतं. मी बेशातच राहतो, त्यामुळे लांब पडतं हे कारणही सांगता येईना. पहिल्या रविवारी मी पोटावर घट्ट बसणारा टी-शर्ट घालून तिला आणायला महालात गेलो तेव्हा दादा दारातच उभे होते. "पडली-झडली तर?" एवढंच म्हणाले. सुमाताई म्हणाली, "तर उठीन." आणि माझ्या स्कूटरवर बसली.

ते मैदान म्हणजे घरांच्या एका लेआउटच्या मागची मोकळी जागा. मुरुमाची गोल धावपट्टी, एका अंगाला काटेरी तारांचं कुंपण, त्याच्या पलीकडे लग्नाचं लॉन. सीझनमध्ये तिथून सकाळी सकाळी जिलेबीच्या तुपाचा वास यायचा आणि आमचा पळण्याचा निश्चय ढिला व्हायचा. एका कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीवरचे आणि पायावरचे लोक एकाच जाळीला बॅडमिंटन खेळत, आणि पायावरचे बहुतेक वेळा हरत. कानांनी न ऐकणाऱ्या पोरी आणि ऐकणाऱ्या पोरी एका संघात फुटबॉल खेळत, शिट्टीच्या जागी झेंडा. पहिल्या दिवशी मी कोणाला मदत करावी म्हणून इकडे तिकडे बघत होतो. दुसऱ्या रविवारी एक फेरी पळून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मदतीची गरज असलेला त्या मैदानावर मी एकटाच आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या एका बाईने मला पाणी आणून दिलं आणि "श्वास नाकानं घ्या भाऊ, तोंड काही वेळ बंद ठेवा" असं सांगितलं. घरच्यांना हे मी कधी सांगितलं नाही.

तिथले शेंडे सर, एक पाय गुडघ्याखालून कृत्रिम. त्यांनी पहिल्याच दिवशी मला नियम सांगितले. सुमाताईने स्वतः सुती नाडीची वेणी घालून वीतभर दोरी केली होती, दोन्ही टोकांना फासे. एक फासा तिच्या डाव्या हाताच्या बोटांत, एक माझ्या उजव्या. दोरी सैल पाहिजे. ताणली तर समजा तुम्ही तिला ओढताय, आणि इथं कोणी कोणाला ओढायचं नाही. दुसरं, रेषा आधी तिने ओलांडायची, तुम्ही मागून. आणि तिसरा नियम सांगताना ते थांबले, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "जे आहे ते सांगायचं. नाही ते सांगायचं नाही. आहे ते सांगायचं राहिलं तर बाई पडेल. पडलेलं माणूस उठतं. नाही ते सांगितलं, तर तुमच्या बोलण्यावर पाय टाकणं सोडेल."

आता हे मला सांगणं म्हणजे... माझा धर्मच बुडवायला निघाले होते. आठ-दहा रविवार मी कसेबसे काढले. "मुरूम, थोडा उतार, डावीकडे वळण, पुढे एक बाई पाणी पितेय." रूक्ष. शेवटी एका सकाळी मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, कुंपणापलीकडे गुलमोहर काय फुलला आहे, आगच लागली जशी." चार पावलं पुढे जाऊन ती म्हणाली, "डिसेंबरात?" मी म्हटलं, "तुरळक आहे." ती पळता पळता हसायला लागली, इतकी की तिला थांबावं लागलं. "चंदू, तुह्यं बोलणं डाळीसारखं आहे गा. सुपात घेऊन खडे काढून घ्या लागते. माह्यं काही नाही, मले सवय आहे. पण पायासमोरचं तेवढं सरळ सांगत जा."

तेही मला जमलं नाही. एका रविवारी मी आमच्या साहेबांची गोष्ट रंगवून सांगत होतो आणि धावपट्टीवर आडवा पडलेला पाण्याचा पाइप सांगायचा राहिला. सुमाताई तोंडावर पडली. दोन्ही गुडघे सोलले, तळहाताला मुरूम रुतला. ती खाली बसून स्वतःच्या गुडघ्यावर बोट फिरवत होती, रक्त लागलं की बोट नाकाशी नेत होती. मग म्हणाली, "चाळीस वर्षांत पडलीच नव्हती मी. दादानं पडूच नाही दिलं." आणि तिचा चेहरा... मला वाटलं रडेल, पण तो एखाद्या लहान पोरीने झाडावरून उडी मारावी आणि मग वर बघावं तसा झाला होता. शेंडे सर आले, जखम धुतली, म्हणाले, "ताई, पडताना हात पुढे नको, खांदा द्यायचा. पुढच्या वेळी पाहू." पुढच्या वेळी. आमच्या घरात असं कोणी तिला म्हटलं नसतं.

दादांनी घरी पट्ट्या पाहिल्या. तिला काही बोलले नाहीत, मला बोळीत घेऊन आले. "तुले डोळे आहेत ना बे? मंग काय पाहून राह्यला होता? मी तिले एवढी वर्षं काचेसारखी ठेवली, अन् तू पाइप दाखवू नाही शकला." त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलणं सोडून बसले. मी तिला घ्यायला गेलो की ते मागच्या दाराने बाहेर पडत.

तिच्यात मात्र त्या तीन-चार वर्षांत जे बदललं ते मी रंगवून सांगणार नाही, कारण गरजच नाही. साखर आटोक्यात आली, पाठ ताठ झाली, हे डॉक्टरही सांगतील. पण ती भांडायला लागली. आधी ती कधी कोणाशी भांडत नसे, कारण भांडून जायला तिला दुसरी जागाच नव्हती. आता तिला तिथल्या दहा-बारा जणींचे फोन यायचे, कोणाची सून कशी, कोणाला कुठली नोकरी लागली, ती सल्ले द्यायची, रुसायची. मला ताप आला त्या रविवारी ती एकटी ऑटो करून मैदानावर गेली आणि ऑटोवाल्यालाच रस्ता सांगत गेली. आणि एक दिवस तिने स्वतःच्या खोलीतला पलंग भिंतीपासून ओढत खिडकीशी नेला. तिला तिथे वारा हवा होता. वहिनी सांगत होत्या, दादा कळमन्याहून आले, दारात थांबले, त्या पलंगाकडे पाहत राहिले, आणि न जेवता वर निघून गेले. त्या पलंगाला चाळीस वर्षांत त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता, तो ज्या माणसासाठी, त्याच माणसाने तो हलवला होता.

तरी ती त्यांना बोलवायची. दर शनिवारी संध्याकाळी, जेवायला वाढलं की. "दादा, उद्या या ना मैदानावर. पाहून तर जा, मी कशी पळते ते." आणि दर शनिवारी दादांचं एक नवं कारण. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी पाण्याची मोटर. ती मला दुसऱ्या दिवशी ते कारण ऐकवायची आणि हसायची. पण तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न तोच, दर वेळी अगदी सहज विचारल्यासारखा. "कोण कोण आलं आहे?" मी नावं सांगायचो. ती यादी संपेपर्यंत थांबायची आणि मग म्हणायची, "बरं. चाल."

गेल्या हिवाळ्यात क्लबच्या शर्यती होत्या. आमच्या गटात पाच जोड्या, दोन फेऱ्या. थंडी होती, लॉनमध्ये बँडवाले सूर लावत होते. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत वळणाच्या पुढे सुमाताईच्या बरगडीखाली चमक भरली. तिचा श्वास मला कळायचा, तो तुटायला लागला. दोरी ताणली गेली, म्हणजे ती मागे पडत होती. ती म्हणाली, "होत नाही गा चंदू. थांबू." तिचा चेहरा मी पाहिला. आणि माझी जीभ, जिने आयुष्यभर मांजराचे वाघ केले, ती माझ्या आधी बोलली.

"ताई, दादा आले. कुंपणापाशी उभे आहेत."

कुंपणापाशी कोणी नव्हतं. तारेवर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता.

दोरी सैल झाली. मग पुढे गेली. त्या शेवटच्या तुकड्यात मी तिच्या मागे होतो, रेषा तिने माझ्या पाऊलभर आधी ओलांडली. पाचांत तिसरी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शेंडे सरांनी तिला मिठी मारली. मग पाणी पिताना तिने विचारलं, "दादा कुठं आहेत?" मी म्हटलं, "गेले. गर्दी पाहून संकोचले असतील." "एकटेच आले होते?" "हो." "काय घातलं होतं?" मी म्हटलं, "निळा शर्ट." तिने पाण्याचा घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला, आणि म्हणाली, "बरं."

माझ्या मनात होतं की घरी जाऊन दादांना फोन करावा, पाय धरावेत, म्हणावं, तुम्ही आला होता असं मी बोलून बसलोय, तेवढं सांभाळून घ्या. पण ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि मी भित्रा. आज करू, उद्या करू. ती काही बोलेना, मीही विषय काढेना. पाच महिने गेले. मला वाटलं, पचलं.

ती गेल्यावर लक्षात आलं की मला एकटं चालताच येत नाही. आजही बाजारात पिशवी घेऊन चाललो की तोंडातून निघतं, "पायरी... खड्डा, उजवीकडून ये." लोक वळून पाहतात. बायको म्हणते, "पिशवी उजव्या हातात घ्या की, दोन्ही हात आहेत ना," पण उजवा हात मोकळा राहतो, कोपरात जरासा वाकून, आणि त्याच्या पलीकडे मला एक श्वास ऐकू येतो, माझ्यापेक्षा संथ, धापा न टाकणारा. मी वळून पाहत नाही. पाहिलं की तो थांबतो.

तेरवीनंतर तीन आठवड्यांनी दादांचा फोन आला. चार वर्षांत पहिला. "चहाले ये." मी गेलो. त्या घरात सगळं जागच्या जागी होतं, माठ, तिवई, ती माझा कान पिळवणारी खुर्ची. फक्त पलंग खिडकीशी. वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलं भिंतीकडे घेऊ, उजेड अडतो, तर हात लावू देत नाही." दादा पलंगाच्या कडेवर बसले होते. मला समोर बसवलं.

"ते शर्यतीच्या दिवशी," दादा म्हणाले, "तू तिले काय सांगतलं?"

मी सांगितलं. सगळं, टॉवेलासकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"ती घरी आली," ते म्हणाले, "अन् मले म्हणे, दादा, बरं केलं तुम्ही आले. मी काय म्हणू? नाही आलो म्हणू? ती एवढी... चेहरा पाह्यला असता तू. म्या म्हटलं, हाव. आलो होतो."

आत वहिनी कपबशा मांडत होत्या.

"मंग विचारते, शर्ट कोणता घातला होता? म्या म्हटलं, पांढरा. मी दुसरा घालतच नाही, तुले माहीत आहे. तर ती म्हणते, चंदू तर निळा म्हणत होता." दादा खिडकीकडे बघत होते. "ती हासली. म्हणे, असू द्या. तुम्हा दोघांत आंधळं कोण आहे ते तुम्ही ठरवून घ्या."

वहिनींनी चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनीही तो घेतला नाही.

"त्या शनिवारी मी वाट पाह्यली," दादा म्हणाले. "जेवायले बसलो. म्हटलं, आता ती म्हणीन, उद्या या. म्या ठरवलं होतं चंदू. हाव म्हणाचं ठरवलं होतं. ती काही बोललीच नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. वरण वाढ म्हणे, लोणचं दे म्हणे... ते नाही म्हणे."

"दादा, तुम्ही स्वतःहून..."

"हाव. स्वतःहून जाता आलं असतं. नाही गेलो. मले वाटे, तिनं एक डाव म्हणावं. एकच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना. "तू खोटं बोलला नसता तर ती म्हणत राह्यली असती गा. अन् एखाद्या दिवशी माह्यं कारण सरलं असतं."

यावर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. ती का थांबली? खोटं कळलं म्हणून दुखावून थांबली, की आम्ही दोघांनी मिळून तिच्यासाठी एवढी खटपट केली यातच तिला जे हवं ते मिळालं म्हणून थांबली? गोष्ट सांगणाऱ्याला दुसरा शेवट फार सोयीचा आहे. म्हणूनच तो मी घेत नाही.

निघताना दादा जिन्यापर्यंत आले. "मले कुठं उभं केलं होतं तू? ती जागा दाखवजो."

रविवारी मी त्यांना घेऊन गेलो. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. मैदान चालू होतं, बॅडमिंटनची जाळी, झेंड्याचा फुटबॉल. शेंडे सरांनी हात जोडले, ओळख करून दिल्यावर म्हणाले, "ताई तुमच्याबद्दल खूप सांगायच्या. डाळीची वानगी, कळमना, सगळं." दादांनी मान हलवली. मी त्यांना कुंपणापाशी नेलं. तारेवर त्या दिवशी काही वाळत नव्हतं. ते तिथे उभे राहिले, दोन्ही हात तारेच्या खांबावर, आणि धावपट्टीवरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत राहिले. अर्धा तास गेला असेल. लॉनमधून जिलेबीचा वास आला. उन्हं वर चढली, हळूहळू लोक खेळ आवरून पोहे खायला गेले. मग ते म्हणाले, "ती दोरी आहे का तुह्याजवळ?"

दोरी माझ्या स्कूटरच्या डिकीत होती. दादांनी फासा डाव्या बोटांत घातला, सदुसष्ट वर्षांचा माणूस, आणि डोळे मिटले. "चालव मले. ती चालत होती तसं."

पळणं शक्यच नव्हतं, आम्ही चाललो. दोन पावलांतच त्यांनी दोरी सोडून माझं मनगट पकडलं. पहिल्या दिवशी सगळे तसंच करतात, असं शेंडे सर म्हणायचे. सुमाताईने केलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, मनगट नाही, दोरी. मी आहे." त्यांची बोटं सुटायला वेळ लागला. त्यांचा पाय जमिनीला आधी विचारून मग टेकत होता. पापण्या थरथरत होत्या, पण उघडल्या नाहीत. मी सांगत गेलो. मुरूम. थोडा उतार. इथं ओल आहे, पाय जपून. डावीकडे वळण, हळूहळू, अजून, आता सरळ. मी दुसरं काहीच सांगितलं नाही. तोंडाशी पुष्कळ आलं.

वळण संपलं. तिला चमक भरली होती त्या जागेवर आम्ही आलो. दादा थांबले. डोळे मिटलेलेच. त्यांचा श्वास मोठा झाला होता.

"चंदू, कुंपणापाशी कोण आहे?"

मी पाहिलं. रिकामी तार, पलीकडे लॉनच्या इमारतीची बंद खिडकी, खांबाच्या खाली थोडंसं गवत.

"कोणी नाही, दादा."

"नीट पाह्य."

मी पुन्हा पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिला यादी सांगायचो तेव्हा पाहायचो तसं.

"कोणी नाही."

दोरी एकदम ताणली गेली. मी ओढलं नाही, जागचा हललो नाही. बऱ्याच वेळाने ती सैल झाली, आणि दादांनी पुढचं पाऊल टाकलं.